कमी मारी तोच तारी

आठपाणी नावाचं एक रान होतं. तिथं पूर्वी वाघ राज्य करायचा. वाघ होता तोवर रानात निवडणूक नव्हती. मग वाघ म्हातारा होऊन मेला आणि रानात लोकशाही आली. फरक एवढाच पडला की आधी एकजण खायचा, नंतर बहुमताने खाऊ लागले.

रानात पक्ष दोन. एक लांडग्यांचा, दुसरा कोळसुंद्यांचा. कोळसुंदा म्हणजे तांबडा रानकुत्रा. मतदार मात्र जवळपास सगळे चरणारे: चितळ, भेकर, सांबर, रोही म्हणजे नीलगायी, ससे. चरणाऱ्यांनी निवडणुकीला उभं राहायला कायद्याने काहीच हरकत नव्हती. फक्त अर्ज भरताना उमेदवाराने वरचे दात दाखवायचे असत, आणि हरणाच्या जातीला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. त्यामुळे छाननीत अर्ज बाद व्हायचे. ससे दात दाखवू शकले असते, पण त्यांना अर्जाची मुदत कधी कळली नाही.

चौदा वर्षांपूर्वी लांडग्यांची सत्ता होती. ते साल दुष्काळाचं. लांडग्यांचे पुढारी उदाजीराव यांनी फर्मान काढलं की चरणाऱ्यांनी स्वतःच्या सुरक्षिततेसाठी भोकरीच्या खोऱ्यात जाऊन राहावं. चरणारे गेले. मग खोऱ्याचं तोंड बाभळीच्या काट्यांनी बंद करण्यात आलं, तेही सुरक्षिततेसाठीच. आत गवत बारा दिवसांचं होतं. काटे चाळीस दिवसांनी हटवले. मधल्या काळात लांडगे रोज आत जाऊन अशक्त झालेल्यांची विचारपूस करून यायचे, आणि ज्याची विचारपूस होई तो दुसऱ्या दिवशी दिसत नसे. आत एक झरा होता, तो आटला नाही, म्हणून काहीजण वाचले.

पुढे कोळसुंद्यांची सत्ता आली. त्यांचे पुढारी हैबतराव यांच्या कानावर आलं की वरच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, कळपांनी लांडग्यांना मतं दिली आहेत. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी कोळसुंद्यांनी सड्याला तीन बाजूंनी वेढा घातला. चौथी बाजू आम्ही मोकळी ठेवली होती, असं ते नंतर नेहमी सांगत. चौथ्या बाजूला गिधाडकडा होता.

या दोन गोष्टींना रानात कत्तल म्हणत नसत. पहिलीला ‘खोऱ्याचा प्रकार’ आणि दुसरीला ‘कड्याचा प्रकार’ म्हणायची पद्धत होती.

निवडणूक जवळ आली. पाणवठे आटत चालले होते, गवत करपलं होतं, पण त्याबद्दल बोलायला दोन्ही पक्षांकडे काही नव्हतं. म्हणून प्रचार मेलेल्यांवर आला. हैबतरावांनी पहिल्या सभेत सांगितलं की लांडग्यांनी खोऱ्यात हजार जीव घेतले. उदाजीरावांनी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं की कड्यावरून दोन हजार पडले. तिसऱ्या सभेत खोरं चार हजारांवर गेलं, चौथ्या सभेत कडा सहा हजारांवर. आठपाण्याच्या रानात चरणारे कधी साडेतीन हजारांपेक्षा जास्त नव्हते. पण सभेत कुणी बेरीज विचारत नाही.

दोन्ही पक्ष स्वतःबद्दलही बोलत. आपल्याकडून काही थोडेबहुत गेले असतील, हे उदाजीराव मोठ्या मनाने मान्य करत आणि लगेच म्हणत, “पण त्यांच्या मानाने आमचे किती?” हैबतरावही हेच म्हणत. शेवटी लांडग्यांनी घोषणा काढली: ‘कमी मारी तोच तारी.’ घोषणा इतकी चांगली होती की दोन दिवसांनी कोळसुंद्यांनीही तीच घेतली. आता दोन्हीकडच्या सभांत चरणारे एकच घोषणा देत होते. फक्त कमी कुणी मारले, यावर त्यांच्यात मारामाऱ्या होत.

मारामाऱ्यांत काही ससे गेले. तेव्हा रानसभेने ठराव केला की दोन्ही प्रकारांतल्या मयतांची एकदाच अधिकृत मोजणी व्हावी, तुलना व्हावी, आणि ज्यांचा आकडा कमी निघेल त्यांना जनतेने निर्धास्तपणे निवडून द्यावं.

मोजणीला माणूस कोण नेमायचा, यावर आठ दिवस वाद झाला. लांडग्यांनी सुचवलेला कोळसुंद्यांना चालेना, कोळसुंद्यांनी सुचवलेला लांडग्यांना. शेवटी रखमाजीचं नाव निघालं. रखमाजी हा मसण्याऊद, म्हणजे उदमांजराच्या जातीतला. या जातीबद्दल असं बोललं जातं की ती मसणात राहते आणि पुरलेलं उकरते. खरं तर रखमाजी उंबराची फळं खाऊन राहायचा आणि त्याने आयुष्यात काहीही उकरलं नव्हतं. पण नावात मसण आहे म्हणजे कामाचा अनुभव असणार, असं सभेचं मत पडलं. शिवाय तो कुठल्याच पक्षाचा नव्हता. तो कुठल्याच पक्षाचा नाही याचं कारण त्याला कुणी कधी बोलावलंच नव्हतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मदतीला एक तज्ज्ञ दिला. हा तळ्याकाठचा करकोचा. तो दिवसभर एका पायावर उभा राहून विचार करायचा, आणि कुठल्या पायावर उभं राहायचं ते वारा पाहून ठरवायचा. त्याने पहिल्याच बैठकीत रखमाजीला मोजणीचे नियम समजावून दिले. उपासमारीने मेला तो लांडग्यांनी मारलेला धरायचा नाही, कारण भूक ही नैसर्गिक आहे. कड्यावरून पडला तो कोळसुंद्यांनी मारलेला धरायचा नाही, कारण उडी स्वतःच्या पायांनी मारली. पोटातलं पाडस धरायचं नाही. जखमी होऊन तीन दिवसांनंतर मेला तर तो आजारपणात गेला. चार ससे मिळून एक चितळ धरायचं. रखमाजीने विचारलं, तीनच ससे असले तर? करकोचा म्हणाला की मग चौथ्याची वाट पाहायची.

शेवटी करकोच्याने एक तत्त्व सांगितलं, जे त्याच्या मते सगळ्यात महत्त्वाचं होतं. “शंभराच्या आत असेल तर ती घटना. शंभर ते हजार म्हणजे प्रकार. हजाराच्या वर गेलं तरच इतिहास. तेव्हा आपण काय लिहायला बसलो आहोत, ते आधी ठरवा आणि मग मोजा.”

त्याची स्वतःची पद्धत सोपी होती. खोऱ्यात एका झाडाखालची हाडं गोळा करायची, त्यांना चाराने भागायचं, कारण पाय चार असतात, आणि खोऱ्यातल्या झाडांच्या संख्येने गुणायचं. झाडं किती हे तो ज्याच्याशी बोलत असेल त्याला विचारून घ्यायचा. त्यामुळे त्याचा आकडा सकाळी एक आणि दुपारी दुसरा यायचा आणि दोन्ही शास्त्रशुद्ध असायचे.

रखमाजीला भागाकार येत नव्हता. त्याला एक, दोन, तीन असं मोजता यायचं, बस्स. तो खोऱ्याच्या तोंडाशी गेला आणि जो पहिला भेटेल त्याला विचारायचं असं त्याने ठरवलं. तिथं धुरपता होती.

धुरपता ही म्हातारी रोहीण. गुडघे गेलेले, एक डोळा पांढरा पडलेला. ती खोऱ्यात होती आणि झऱ्यामुळे वाचली होती. तिचं सहा महिन्यांचं पोर, चैत्या, एकोणचाळिसाव्या दिवशी गेलं. चाळिसाव्या दिवशी काटे हटले. पुढे तिची बहीण चंद्रा कड्यावरून गेली. धुरपताला गुडघ्यांमुळे सड्यावर चढता येत नव्हतं म्हणून ती खाली होती. त्या सकाळी ती कड्याच्या पायथ्याशी चरत होती.

दोन्ही पक्षांना धुरपता ठाऊक होती. कोळसुंदे तिला दर निवडणुकीत सभेला न्यायचे, पुढे बसवायचे आणि तिने चैत्याबद्दल बोलावं म्हणून आग्रह करायचे. फक्त चंद्राचं नाव काढायचं नाही, अशी विनंती असायची. लांडगे तिला चंद्राबद्दल बोलायला बोलवायचे, चैत्याला वगळून. ती दोन-तीनदा गेली. दोन्हीकडे तिने दोन्ही नावं घेतली, तेव्हापासून बोलावणी बंद झाली.

रखमाजीने तिला विचारलं की मावशी, खोऱ्यात किती गेले असतील, अंदाजे?

“अंदाजे मला नाही सांगता यायचं,” धुरपता म्हणाली. “नावं सांगते. तू मोज.”

ती सांगू लागली. खोऱ्याच्या तोंडाशी एक अर्जुनाचं झाड होतं, गुळगुळीत पांढऱ्या सालीचं. रखमाजी प्रत्येक नावाला सालीवर नखाने एक रेघ ओढायचा आणि नाव स्वतःशी दोनदा म्हणायचा. पहिल्या दिवशी पन्नास झाली. धुरपता सरळ नावं सांगत नसे. हा भेकर कुणाचा, त्याला पळताना ठेच लागायची सवय होती, ही चितळी दोन जिवांची होती, हा ससा झऱ्यापाशी रांग लावून द्यायचा, असं सांगत सांगत ती पुढे जायची. रखमाजीने सुरुवातीला सांगून पाहिलं की नियमाप्रमाणे ससे चार मिळून एक. धुरपताने विचारलं की त्या चौघांना मारताना एकदाच मारलं का? तेव्हापासून तो सशालाही पूर्ण रेघ ओढू लागला.

आठव्या दिवशी चैत्याचं नाव आलं. धुरपताने ते इतर नावांसारखंच सांगितलं आणि पुढच्या नावाला गेली. रखमाजीचं नख मात्र सालीतच राहिलं. त्याने विचारलं, थांबायचं का? ती म्हणाली की अजून चाळीस जण आहेत, त्यांच्या आया नाहीत, त्यांची नावं कोण सांगणार?

खोऱ्याची नावं चारशे बारा झाली. मग कड्याची सुरू झाली. त्यासाठी धुरपताने इतरही दोन-चार जणींना बोलावलं, पण बहुतेकांनी येऊन नुसतं ऐकलं. निवडणूक तोंडावर होती. कड्याची तीनशे सत्त्याण्णव झाली.

या नावांबरोबर आणखी एक गोष्ट येत होती. धुरपता कोण कसं गेलं ते सांगायची, आणि कसं गेलं ते सांगताना तिथं कोण उभं होतं तेही सांगायची. खोऱ्याच्या तोंडाशी काट्यांजवळ पहारा लांडग्यांचा नव्हता. लांडगे पहारा करत नाहीत, ते काम त्यांनी कोळसुंद्यांना दिलं होतं, रोज एक मांडी देण्याच्या बोलीवर. पहारेकऱ्यांचा म्होरक्या एक तरणा कोळसुंदा होता, डावा कान फाटलेला. तोच पुढे हैबतराव झाला. आणि गिधाडकड्याच्या पायथ्याशी त्या सकाळी, वरून पहिलं जनावर पडायच्या आधीपासून, लांडगे सहकुटुंब येऊन बसले होते. धुरपता चरत होती तिथून वीस पावलांवर. उदाजीराव मधोमध होते. त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली होती आणि म्हणाले होते की म्हातारे, जरा बाजूला हो, लागेल.

हे ऐकून रखमाजी घाबरला. तो म्हणाला, “मावशी, मला फक्त मेलेले मोजायला सांगितलंय.”

“मग मेलेलेच मोज,” धुरपता म्हणाली. “पण चैत्या बाहेर जायला काट्यांपाशी गेला, तेव्हा त्याला कुणी तरी परत ढकललं. ते कोण, ते गाळून मी त्याचं मरण कसं सांगू?”

रखमाजी त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने शेजारच्या दुसऱ्या अर्जुनावर वेगळ्या रेघा ओढायला सुरुवात केली. पहिल्या झाडावर मेलेले, दुसऱ्या झाडावर तिथं उभे असलेले. पहिल्या झाडावर आठशे नऊ रेघा झाल्या. दुसऱ्यावर सदतीस. आणि त्या सदतिसांत तेवीस असे होते जे खोऱ्यातही होते आणि कड्यावरही.

मोजणी झाल्याची बातमी आधी चरणाऱ्यांच्या महासंघाला लागली. महासंघाचे अध्यक्ष सर्जेराव हे सांबर होते, भारदस्त शिंगांचे. ते स्वतः अर्जुनापाशी आले आणि आकडा ऐकून त्यांचा चेहरा पडला. आठशे नऊ हा आपल्या समाजाचा अपमान आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी चौदा वर्षं सभांमधून हजारो सांगितले होते. नदीपलीकडच्या रानात एकाच प्रकारात पाच हजार गेले, तिथल्या चरणाऱ्यांना केवढा मान आहे, आणि आपण आठशे घेऊन कुठल्या तोंडाने उभं राहायचं? त्यांनी धुरपताला समजावलं की थोडा आकडा वाढवला तर तुझ्याच दुःखाला वजन येईल.

“माझा एकच होता,” धुरपता म्हणाली. “त्याला किती करू?”

सर्जेराव जायला निघाले. जाताना त्यांनी दुसऱ्या अर्जुनाकडे एकदा पाहिलं आणि तो कशाचा आहे, हे रखमाजीला विचारून घेतलं.

रानसभा भरली. दोन्ही पक्ष आकड्यासाठी आतुर होते. करकोचा कामकाज लिहायला बसला, कारण सभेत जे वाचलं जाईल ते नोंदवलंच पाहिजे असा नियम होता. रखमाजी उभा राहिला. त्याने आकडा सांगितला नाही. त्याने नावं म्हणायला सुरुवात केली.

दीडशे नावांपर्यंत सभा शांत होती. मग उदाजीरावांनी हरकत घेतली की नावं कशाला, बेरीज सांगा. हैबतरावांनी हरकतीला हरकत घेतली की खोऱ्याची नावं आहेत, ऐकू द्या. पुढे कड्याची नावं सुरू झाली तेव्हा दोघांच्या हरकती अदलाबदल झाल्या. रखमाजी थांबला नाही. थांबला असता तर तो नावं विसरला असता. चरणारे कडेने उभे होते. मधूनच एखादं नाव आलं की कळपात कुठे तरी हालचाल व्हायची आणि परत स्तब्ध. करकोचा लिहीत होता.

आठशे नऊ झाली. लोक उठायला लागले. तेव्हा रखमाजी म्हणाला की अजून सदतीस आहेत, आणि त्याने दुसरी यादी सुरू केली. पहिलं नाव हैबतरावांचं होतं: खोऱ्याच्या तोंडाशी, पहाऱ्यावर. लांडग्यांच्या बाजूने टाळ्या पडल्या. दुसरं नाव उदाजीरावांचं होतं: कड्याच्या पायथ्याशी, सहकुटुंब. कोळसुंद्यांच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. तिसरं नाव, चौथं नाव. टाळ्या नव्हत्या. उदाजीराव आणि हैबतराव यांनी एकमेकांकडे पाहिलं. चौदा वर्षांत ते पहिल्यांदाच दात न दाखवता एकमेकांकडे पाहत होते.

मग सभाध्यक्षांना कळवण्यात आलं की सदस्यांना तहान लागली आहे. सभा तहकूब झाली. दोन्ही पुढारी एकाच पाणवठ्यावर गेले आणि शेजारी शेजारी उभे राहून पाणी प्यायले.

तिथं जी बोलणी झाली ती पुढे करकोच्यानेच सगळ्यांना अभिमानाने सांगितली, कारण तो साक्षीला होता. आधी दोघांनी आकडे सारखे करायचं ठरवलं, म्हणजे कुणालाच कमीपणा नको: प्रत्येकी चारशे. उदाजीराव म्हणाले, चारशे जरा जास्त दिसतात, तुम्ही शंभर सोडा, आम्ही शंभर सोडतो. हैबतरावांनी शंभर सोडले. मग त्यांनी पन्नास सोडायची सूचना केली, उदाजीरावांनी ती मोठ्या मनाने मानली. घासाघीस संध्याकाळपर्यंत चालली. शेवटी प्रत्येकी सातांवर अडलं. करकोच्याने दुसऱ्या पायावर उभं राहत सुचवलं की सात म्हणजे नुसती घटना, एवढ्यासाठी इतिहासाला कशाला त्रास द्यायचा? दोघांनाही पटलं.

दुसऱ्या दिवशी रानसभेने एकमताने ठराव केला. खोऱ्याचा प्रकार, मयत: शून्य. कड्याचा प्रकार, मयत: शून्य. रखमाजीची दुसरी यादी कामकाजातून काढून टाकण्यात आली. पहिली यादी मात्र ठेवली. ती फार मेहनतीने केलेली होती आणि तिचा उपयोग होणार होता. लांडगे आणि कोळसुंदे यांनी त्याच बैठकीत ‘रानसलोखा आघाडी’ स्थापन केली. हैबतराव भाषणात म्हणाले, “विरोधक आम्हाला विचारायचे, किती मारले. आज आम्ही एकत्र आलो आणि एकही मेला नाही. याला म्हणतात एकीचं बळ.” विरोधक आता कोणी उरले नव्हते, म्हणून टाळ्या भरपूर पडल्या.

त्याच आठवड्यात सर्जेरावांची शिंगं खाजू लागली. सांबरांना तशी खाज येते आणि ते झाडावर शिंगं घासतात, तो त्यांचा नैसर्गिक हक्क आहे. त्यांनी घासायला खोऱ्याच्या तोंडाशी असलेला दुसरा अर्जुन निवडला. साल पार निघेपर्यंत ते घासत राहिले. आघाडीने त्यांना सल्लागार मंडळावर घेतलं.

रखमाजीला आधी मतदार नोंदणी अधिकाऱ्याची जागा देऊ केली, कारण इतकी नावं पाठ असणारा दुसरा कुणी रानात नव्हता. त्याने नको म्हटलं. तेव्हा त्याच्यावर खटला झाला. आठशे नऊ जिवंत नागरिकांना मृत म्हणून त्यांची बदनामी केली, असा आरोप होता. रखमाजीने विचारलं की त्यांच्यापैकी एकाला तरी समोर आणा, मी पाया पडून माफी मागतो. न्यायासनाने नोंद घेतली की आरोपीला पश्चात्ताप नाही. त्याला नदीपलीकडे हद्दपार करण्यात आलं.

जायच्या दिवशी दुपारी धुरपता नदीपर्यंत लंगडत आली. रखमाजी म्हणाला की मावशी, माझ्या डोक्यातून बरीच नावं गळाली, पहिली चाळीस तेवढी पक्की आहेत. धुरपता म्हणाली, म्हण बघू. त्याने म्हटली. तीन ठिकाणी चुकला, तिने दुरुस्त केली. परत म्हणायला लावली. दुसऱ्या खेपेला एक चूक झाली.

“त्यात चैत्याचं नाव येत नाही,” रखमाजी म्हणाला. “तो फार पुढे आहे.”

“राहू दे. तो माझ्यापाशी आहे. तू ह्यांना घेऊन जा, ह्यांचं इथं कुणी नाही.”

तो पोहत पलीकडे गेला. काठावर पोचल्यावर त्याने वळून पाहिलं की नाही, हे धुरपताला एका डोळ्याने नीट दिसलं नाही.

निवडणूक ठरल्या दिवशी झाली. उमेदवार एकाच आघाडीचे होते, पण मतदान व्हायलाच हवं, असं आघाडीचं मत होतं. मतदारयादी नव्याने केली होती. मतदान केंद्रावर करकोचा बसला होता. त्याला मुख्य निवडणूक अधिकारी केलं होतं. उन्ह तापायच्या आत रांग लांबपर्यंत गेली होती. धुरपता शेवटी पोचली. करकोच्याने यादीत तिचं नाव शोधलं, खूण केली, आणि वर पाहून म्हणाला की तुमच्या घरचं दुसरं मत झालं बरं का.

धुरपताने विचारलं की दुसरं कुणाचं?

“चैत्या. सकाळीच येऊन गेला. चंद्राही येऊन गेली.” करकोच्याने यादीवर चोच ठेवून दाखवलं. आठशे नऊ नावं होती, ज्या क्रमाने रखमाजीने वाचली होती त्याच क्रमाने, आणि प्रत्येकासमोर खूण होती. रानसभेच्या ठरावाप्रमाणे ते जिवंत होते. जिवंत आहे त्याला मताचा अधिकार आहे. अधिकार आहे आणि वापरला नाही, असं आघाडी कुणाच्या बाबतीत होऊ देणार नव्हती.

मागे रांग नव्हती. धुरपता जागची हलली नाही. करकोच्याने दोनदा सांगितलं की मत द्या आणि पुढे व्हा.

“चैत्या आला होता,” ती म्हणाली.

“यादीत आहे म्हणजे आलाच असणार.”

“मोठा झाला असेल आता. चौदा वर्षांचा. दिसायला कसा होता?”

करकोचा या प्रश्नावर थोडा वेळ एका पायावर उभा राहिला, मग दुसऱ्या. मतदाराच्या दिसण्याची नोंद ठेवायचा नियम नाही, असं त्याने सांगितलं. धुरपताने मत दिलं नाही. ती वळली आणि आल्या वाटेने गेली. संध्याकाळी यादी बंद करताना तिच्या नावापुढे खूण आधीच झालेली होती, त्यामुळे हिशेबात काही अडचण आली नाही.

निकाल अपेक्षेप्रमाणे लागला. मतदान एकशे अठरा टक्के झालं. मेलेल्यांच्या आकड्यावर चौदा वर्षं भांडणाऱ्या आठपाण्याच्या रानात या आकड्यावर मात्र कुणीही शंका घेतली नाही.